बासष्टाव्या घरातला पंचम

बाबांनी मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता आपलं युफोनियम खात्याच्या भांडारात जमा केलं, पावती घेतली, पावतीवर ‘वाद्य सुस्थितीत, एक पोचा, जुना’ असं लिहिलंय ते चष्मा कपाळावर चढवून वाचलं, आणि अडतीस वर्षांनी बँड सोडला. हे मी आत्ता सांगितलं खरं, पण सांगितलंच नाही असं धरून चालू. घरात आम्ही तिघंही तसंच धरून चालतो आणि आमचं काही अडत नाही. त्याच मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला बाबांनी नेहमीप्रमाणे शर्ट बदलला, चपला घातल्या आणि पेटी उचलली. पेटी त्यांची स्वतःची, आतलं वाद्य तेवढं खात्याचं होतं. रिकामी पेटी हातात एकदम फुग्यासारखी वर आली, पण त्यांनी लगेच उजवा खांदा खाली पाडला, आत वजन असताना पडायचा तेवढाच. आई म्हणाली, “लवकर या.” बाबा म्हणाले, “मास्तरांनी सोडलं की येतो.” त्यांच्यानंतर दहा मिनिटांनी मी त्याच तालमीला निघालो. तिथे ते नव्हते. साडेआठला घरी आलो तर ते माझ्याआधी पोचून पाय धूत होते. “कॉर्नेटवाले आज फार घाई करत होते,” ते म्हणाले. कॉर्नेटवाले रोजच घाई करतात, त्यामुळे त्यात खोटं असं काहीच नव्हतं. मी म्हटलं, “हो ना.” आईने पानं घेतली.

आमचा बँड पाणीपुरवठा खात्याचा. पंचवीस पितळी वाद्यं, दोन ढोल, आणि तालमीला एक जुनं पंपघर, ज्यातला पंप काढून नेला पण घरघर तिथेच राहिली असं मास्तर म्हणतात. मी दिवसा खात्यात नळांचे नकाशे काढतो आणि संध्याकाळी बँडसाठी सिंफन्या उतरवून देतो. दोन्ही कामं एकच आहेत. वरच्या टाकीत भरपूर काहीतरी असतं, ते अरुंद नळांतून खालच्या लोकांपर्यंत पोचवायचं आणि वाटेत किती गळलं ते कुणाला सांगायचं नाही. सिंफनी लिहिणाऱ्याजवळ सोळा व्हायोलिनं असतात, बासऱ्या असतात, एखादी हार्प असते. माझ्याजवळ पितळ असतं आणि ते फुंकणारी माणसं असतात, ज्यांतले निम्मे दिवसभर गळतीच्या तक्रारी घेऊन आलेले असतात. व्हायोलिनला श्वास लागत नाही. गज वर गेला, खाली आला, सूर चालूच. कॉर्नेटवाल्याला मात्र श्वास घ्यावा लागतो, शिवाय त्याला वाटेल तिथे तो घेतो. म्हणून माझं अर्धं आयुष्य कुणी कुठे श्वास घ्यायचा हे कागदावर लिहिण्यात गेलं आहे. शेजारच्याने घेतला की तू घ्यायचा नाहीस, तू घेतलास की पलीकडच्याने थांबायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं की कुणीच श्वास घेत नाहीये. घर असंच चालतं हे मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त ते लिहून काढण्याचं शास्त्र आहे हे नंतर कळलं. ज्याची सिंफनी उतरवायची त्याला आमच्या घरी मालक म्हणतात. यंदाचे मालक वारून दीडशे वर्षं झाली, त्यामुळे वरून तक्रार येत नाही.

युफोनियम म्हणजे मांडीवर आजारी मूल घ्यावं तसं घेऊन वाजवायचा बाजा. त्याचा आवाज जाड पण मऊ, घसा बसलेल्या माणसाने समजूत काढावी तसा. मोठ्या वाद्यवृंदात जिथे सगळी चेलो मिळून रडवतात, ती जागा उतरवताना डोळे मिटून युफोनियमला द्यायची, हे मला कुणी शिकवलं नाही. बाबा एकतीस वर्षं खात्यात मीटर वाचायचे. लोकांच्या जिन्याखाली, मोरीत, कुत्र्यांच्या शेजारी वाकून आकडे वाचायचे आणि संध्याकाळी ती चेलोची जागा वाजवायचे. मी चौथीत असताना मला वाटायचं की बाबांचा खरा आवाज तो, आणि घरात ‘मीठ दे’ म्हणतात तो कामापुरता. निवृत्त झाल्यावर वाद्य परत करावं लागतं, पण खात्याच्या नियमात एक फट आहे: ज्याच्या ताब्यात वाद्य अखंड राहिलं आहे तो निवृत्तीनंतरही वाजवू शकतो. एकदा जमा झालं की मात्र कायमचं जमा. भांडारातल्या भिंतीवर हे वाक्य लाल रंगात लिहिलेलं आहे, अग्निशामकाच्या वर, म्हणजे आग लागली तरी आधी हे वाचायचं. त्या फटीतून बाबा सात वर्षं वाजवत राहिले. त्यातच, चार वर्षांपूर्वी, दातांच्या डॉक्टरने त्यांचे वरचे पुढचे चार दात काढले आणि नवे बसवले. नवे दात जुन्यांपेक्षा देखणे होते. आई म्हणाली, “लग्नात असे असते तर मी मान वर करून बघितलं असतं.” पण पितळी वाद्य ओठाने वाजतं आणि ओठ दातावर टेकतो. खोट्या दातावर टेकलेला ओठ भाड्याच्या घरात राहणाऱ्यासारखा असतो, भिंतीत खिळा ठोकायला धजत नाही. बाबांचे वरचे सूर फाटायला लागले. आमच्यात त्याला ‘ओठ गेला’ म्हणतात, अमक्याचा मुलगा परदेशी गेला म्हणतात त्याच सुरात. मास्तरांनी मला पंपघराच्या जिन्यावर गाठलं. मास्तर बाबांच्या नंतर वर्षभराने बँडमध्ये आले होते आणि त्यांना सगळ्यांसारखं ‘काका’च म्हणत. ते माझ्याकडे न बघता दिव्याकडे बघत म्हणाले, “मी काही बोलणार नाही. मला जमायचं नाही ते. पेन तुझ्या हातात आहे. बघ काहीतरी.”

मी बघितलं. बाबांच्या शेजारी टायपिस्टताई बसतात. बिल शाखेत टंकलेखन करतात आणि बँडमध्ये बॅरिटोन वाजवतात, म्हणजे युफोनियमचीच जरा बारीक बहीण. दोघांचा आवाज इतका सारखा की डोळे मिटले तर कोण वाजवतंय ते कळत नाही, आणि श्रोते बहुतेक डोळे मिटूनच असतात. मी एकेक सूर बाबांच्या कागदावरून उचलून ताईंच्या कागदावर ठेवायला लागलो. पहिल्या वर्षी फक्त सर्वांत वरचे. नंतर त्याखालचे. यंदाच्या सिंफनीच्या संथ भागात चेलोची जी लांबलचक सुरावट आहे तिच्यात एकशे चार सूर आहेत. माझ्या पहिल्या प्रतीत त्यांतले एकतीस बाबांचे होते, बाकीचे ताईंचे. मग दर महिन्याला ‘सुधारित प्रत’ निघत गेली. कुठला सूर काढायचा हे मी बाहेरच्या खोलीत बूट बांधता बांधता ठरवायचो. बाबा आतल्या खोलीत दार लावून सराव करत आणि मी बाहेर वाकून ऐकत असे. चार वर्षं मला बूट बांधायला वीस-वीस मिनिटं लागली आणि घरात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. जो सूर दाराआडून फाटका ऐकू येई तो पुढच्या प्रतीत नसे. शेवटी अकरा राहिले. सुरावटीचा पहिला, शेवटचा, आणि मधले नऊ, सगळे असे की ते झोपेतही आले असते. बाबांचा कागद पांढरा पडत गेला, त्यावर विश्रांतीच्या खुणाच जास्त दिसायला लागल्या. त्यांनी कधी विचारलं नाही. एकदाच म्हणाले, “यंदाचे मालक दयाळू दिसतात.” मी म्हटलं, “म्हातारपणी लिहिलीय त्यांनी ही.” खरं तर मालकांनी ती एकतिसाव्या वर्षी लिहिली होती. आपलेच दात, आपलेच ओठ, अशी म्हण आहे. आमच्याकडे दात डॉक्टरचे होते, एवढाच फरक, पण बोंब मारायची सोय त्यामुळे वाढली नाही.

तर त्या मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी चार वाजता ताईंचा फोन आला. “अरे, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. उद्या होतं ते आज घेतायत. मी काही येत नाही.” मी म्हटलं बरं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “माझा कागद स्टँडवरच आहे. तू आधी जा आणि तो काढून ठेव. ऐकतोयस ना? आधी जा.” मी लगेच टेबल आवरायला घेतलं. आमच्या बँडमध्ये एक जुनी रीत आहे, तिला शेजारधर्म म्हणतात. ज्याची दांडी पडेल त्याचा कागद शेजारच्याने आपल्या कागदावर ठेवायचा आणि त्याची महत्त्वाची जागा वाजवायची. माझ्या साऱ्या व्यवस्थेत ही एक गोष्ट मी धरलीच नव्हती, कारण चार वर्षांत ताई एकदाही चुकल्या नव्हत्या. एकशे दोन ताप घेऊन आल्या होत्या, दिराच्या साखरपुड्यातून उठून आल्या होत्या. मी त्यांना नियमित समजत होतो. त्या पहारा देत होत्या. मी निघणार तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, कुठेतरी मोठी वाहिनी फुटली होती आणि नकाशा हवा होता. नकाशात वाहिनी होती त्याच्या तीन फूट पलीकडे ती फुटली होती, त्यामुळे ती फुटलेली नाही असं साहेबांचं म्हणणं होतं. हे मिटेपर्यंत पावणेसात वाजले. बाबा तालमीला सगळ्यांच्या वीस मिनिटं आधी जातात.

पंपघरात शिरलो तेव्हा मास्तर स्टँड लावत होते आणि बाबा आपल्या खुर्चीत बसून ताईंचा कागद वाचत होते. चष्मा कपाळावर, नाक कागदाला लागेल इतकं जवळ, उजव्या हाताचं बोट ओळीवरून सरकत होतं. तसे ते मीटर वाचत. त्या कागदावर माझ्या अक्षरात पूर्ण सुरावट होती, मधे मधे भोकं सोडलेली, आणि त्या भोकांवर ताईंनी पेन्सिलने स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं: ‘इथे काका.’ ‘थांबायचं, काका.’ ‘काका, लांब, घाई नको.’ एका ठिकाणी ‘इथे काकांकडे बघून हसायचं.’ हे मी नंतर वाचलं. त्या वेळी मला फक्त बाबांचं बोट दिसत होतं. ते शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, परत वर आलं, परत खाली गेलं, आकडा पटत नसला की ते दुसऱ्यांदा वाचत तसं. मी म्हटलं, “बाबा, तो जुना कागद आहे.” ते म्हणाले, “तारीख परवाची आहे.” मग त्यांनी तो आपल्या स्टँडवर नीट ठेवला, आपल्या कागदाच्या वर, आणि वाद्याच्या तोंडात दोनदा फुंकर मारून पाणी काढलं. माणसं येत गेली. “काय काका, आज डबल ड्यूटी?” ट्रॉम्बोनवाला म्हणाला. बाबा म्हणाले, “शेजारधर्म.” मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि काठी उचलली. ते दुसरं काहीही करू शकले असते. दिवे गेले म्हणू शकले असते. पण मास्तर वेळेचे पक्के आहेत, त्यांच्या हातून फक्त तालीम सुरू होऊ शकते.

संथ भाग आला. कॉर्नेटवाले घाईघाईने संथ झाले. चेलोची जागा आली तशी बाबांनी वाद्य ओठाला लावलं, पहिला सूर वाजवला, आणि थांबले. कागदावर पुढचे सगळे सूर होते. त्यांनी ते वाजवले नाहीत. ते मोजत होते. बोटं कळांवर नुसती ठेवलेली, डोळे कागदावर, पाय जमिनीवर न आपटता आत कुठेतरी मोजणी चालू, आणि बरोबर जिथे ‘इथे काका’ होतं तिथे त्यांचा सूर आला, मऊ, जाड, आणि गेला. मग पुन्हा काही नाही. पुन्हा एक. खाली टूबा आणि हॉर्न साथ करत होते, ज्याची साथ करायची ते गाणंच नव्हतं. मी ढोलांच्या मागे उभा होतो. गल्लीतली घरं एकेक करून पाडली की शेवटच्या दोन-तीन घरांच्या भिंतींवर शेजारच्यांचे जिने उमटलेले दिसतात, तसं त्या शांततेत ते गाणं दिसत होतं. मी चार वर्षांत काय काढलं ते पहिल्यांदाच सलग ऐकलं. कुणी हसलं नाही. ट्रॉम्बोनवाल्याने मान खाली घातली. मी सवयीने सूर मोजत होतो, अकरा व्हायला हवे होते, बारा झाले. साधारण मधे कुठेतरी एक खालचा सूर आला होता, इतका भरलेला आणि स्वच्छ, की टूबावाला कधी नव्हे तो सुरात आला असं मला वाटलं. भाग संपला. मास्तर म्हणाले, “छान. पुढचं घेऊ.”

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. बाबा म्हणाले, “तुझं अक्षर सुधारलंय.” मी हो म्हटलं. दोन थांबे गेले. मी बोलायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, “राहू दे. दमलायस तू. दिवसभर ते नळ.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता, आणि हे मला अजून झेपलेलं नाही. ओरडले असते तर मी उलट ओरडलो असतो, माझी सगळी उत्तरं तयार होती, चार वर्षं बूट बांधता बांधता केलेली. तुमच्यासाठीच केलं. तुम्हाला खुर्ची राहावी म्हणून केलं. ही उत्तरं मग शनिवारी आणि रविवारी माझ्या तोंडात तशीच पडून राहिली, खोट्या दातांसारखी, धुवायला काढता येतील अशी. सोमवारी बाबांनी वाद्याला पॉलिश केलं. मंगळवारी सव्वाअकराचं ते झालं, जे झालेलं नाही.

त्यानंतर तीन आठवडे ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसहाला पेटी घेऊन जात राहिले. कुठे जातात हे मला ताईंकडून कळलं. त्यांच्या सासूबाईंना डोळ्यांत औषध घालायला दवाखान्यात न्यावं लागे आणि त्या बसमध्ये बाबा होते. शेवटच्या थांब्यापर्यंत जात, उतरत नसत, त्याच बसने परत येत. पेटी शेजारच्या सीटवर उभी. कंडक्टरने विचारलं, “काका, हिचं तिकीट?” बाबा म्हणाले, “रिकामी आहे ती.” कंडक्टर म्हणाला, “रिकामी असली तरी जागा घेते ना.” बाबांनी तिचं तिकीट काढलं. हे सांगताना ताई हसायला लागल्या आणि मग त्यांना टाइपरायटरची रिबन बदलायची आठवण झाली. “माझीच चूक,” त्या रिबनकडे बघत म्हणाल्या, “सासूबाई म्हणत होत्या, थांबू उद्यापर्यंत, एका डोळ्याने काही अडत नाही.” बाबांची खुर्ची पंपघरात रिकामी होती. मी सगळे एकशे चार सूर ताईंच्या कागदावर एकत्र केले, भोकं बुजवली. ताई उत्तम वाजवतात. खात्यांच्या बँडस्पर्धेसाठी ती प्रत शिक्का मारून पाठवून झाली होती. आता संथ भाग इतका सुरळीत चालायचा की ऐकवत नसे.

चौथ्या शुक्रवारी मी घरी आलो तर बाबा खिडकीशी बसून नखं कापत होते. आई आत काहीतरी निवडत होती. बाबा नखांकडे बघत म्हणाले, “आज बासष्टाव्या घरातला तो खालचा पंचम कुणी वाजवला?” स्वरलिपीत उभ्या रेघांनी खण पाडलेले असतात, त्यांना आम्ही घरं म्हणतो. मी जरा गोंधळलो, कारण धरून चालायचं तर ते आज तालमीत होते आणि त्यांना माहीत असायला हवं होतं. मी म्हटलं, “ताईंनी.”

“गेल्या सहा महिन्यांपासून ताईच वाजवतात तो.”

“हो.”

“का?”

त्यांनी अंगठ्याचं नख कापलं. मग म्हणाले, “वरचे गेले ते गेले. मला काय मोजता येत नाही? पहिल्या वर्षी सात नेलेस, दुसऱ्या वर्षी पंधरा. मी म्हटलं, नेऊ दे, बरोबर नेतोय. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, हा आता जाणार, आणि पुढच्या महिन्यात तोच गेलेला असायचा. म्हटलं पोराला कान आहे.” त्यांनी पुढचं नख धरलं. “पण तो पंचम मला येत होता रे. तो का नेलास?”

“तो फाटत होता, बाबा. थरथरायचा. मी ऐकलं.”

“कुठून?”

“दाराबाहेरून.”

बाबांनी नेलकटर खाली ठेवला. “दाराबाहेरून,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं मीटर वाचले मी. कुत्री चावली दोनदा. आत जायचं, वाकायचं, झाकण काढायचं, पुसायचं, मग वाचायचं. दाराबाहेरून आकडा टाकला म्हणून माझ्यासमोर एकाला घरी बसवलंय.” हे ते ओरडून म्हणाले नाहीत. दमलेल्या माणसाने रस्ता सांगावा तसं म्हणाले. “त्या शुक्रवारी मी तो वाजवला. तिच्या कागदावर होता, माझ्या नव्हता. तिनेसुद्धा त्याच्यावर दोन प्रश्नचिन्हं काढली होती. वाजवला आणि तुझ्याकडे पाहिलं. तुला ऐकू तरी आला?”

मला टूबावाला आठवला. मी म्हटलं, “आला.” मग म्हटलं, “मला वाटलं दुसऱ्याचा आहे.”

आतून आई म्हणाली, “थरथरायचं ते कपाट.” ती हातातलं ताट घेऊन दारात आली. “आतल्या खोलीतलं काचेचं कपाट. तो एकच सूर लागला की काच वाजते त्याची. लग्नापासून वाजते. मी कागदाची घडी घालते फटीत, ती पडते. बाकी कशाने वाजत नाही हो, ट्रक गेला तरी नाही. हे बारीक वाजवतात तेव्हाही नाही. पूर्ण दम लावला तरच.” आणि ती बाबांना म्हणाली, “तुम्ही त्याला सांगितलं नाहीत कपाटाचं?” बाबा म्हणाले, “त्याने विचारलं नाही.” आई माझ्याकडे बघत राहिली आणि मग ताटातला खडा शोधायला लागली.

मी आत जाऊन कपाटासमोर उभा राहिलो. वरच्या कप्प्यात कपबशा, खालच्यात बँडचे ग्रुप फोटो, दरवर्षी बाबा दुसऱ्या रांगेत, डावीकडून पाचवे. मी खालचा पंचम तोंडाने म्हणून पाहिला. काच हलली नाही. आणखी जोरात म्हटला, मला खोकला आला. जो सूर अख्ख्या घरात सर्वांत जास्त भरलेला होता, इतका की लाकूड आणि काच त्याला उत्तर देत होती, तो मी फाटका म्हणून काढून टाकला होता, दुसऱ्याच दिवशी, व्यवस्थित खोडरबर लावून, खाली भुसा फुंकून. मला रडू येईल असं वाटलं होतं पण नुसतं दमल्यासारखं झालं, पायऱ्या चुकून एक मजला जास्त चढल्यासारखं. बाहेर बाबा म्हणत होते, “मंगळवारी मास्तरांना सांगतो, हॉर्न जरा हळू ठेवा,” आणि आई म्हणत होती, “सांगा ना.”

सोमवारी मी भांडारात गेलो. भांडारपाल म्हणाला, वाद्य गळती शाखेतल्या एका कारकुनाला दिलं, तो प्रतीक्षा यादीवर सहा वर्षं होता. “वाजवतो का?” मी विचारलं. “घरी नेलंय,” तो म्हणाला. मी म्हटलं, परत मिळायची काही सोय? त्याने अग्निशामकाच्या वर बोट दाखवलं. मग त्याला माझी दया आली असावी, कारण तो म्हणाला, “अर्ज करा. अर्ज करायला कुणाचीच ना नसते.” मी जागेवर येऊन, फुटलेल्या वाहिनीचा नकाशा बाजूला सारून, खालील अर्ज तीन प्रतींत लिहिला आणि आवक खिडकीवर दिला. खिडकीवरच्या बाईंनी विषय वाचला, दोनदा वाचला, आणि विचारलं, “हे मालमत्तेत येतं की सेवेत?” मी म्हटलं, मला नक्की सांगता येणार नाही. त्यांनी तो दोन्हींमध्ये नसलेल्या ढिगावर ठेवला.

प्रति, मा. कल्याण अधिकारी, पाणीपुरवठा खाते. विषय: घर क्रमांक बासष्ट येथील मंद्र पंचम, चार मात्रा, मूळ वादकास परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त स्वर हा निवृत्त मीटर वाचक यांच्या अखंड ताब्यात असताना अधोस्वाक्षरीकर्त्याने प्रत्यक्ष जागेवर न जाता, दाराबाहेरून केलेल्या पाहणीच्या आधारे, तो नादुरुस्त असल्याचा चुकीचा शेरा मारून काढून घेतला व अन्य वादकाकडे वर्ग केला. सदर स्वर काढतेवेळी पूर्णपणे सुस्थितीत होता व घरातील एका कपाटाने तशी वेळोवेळी साक्ष दिलेली आहे. सदर वादकाने वाद्य जमा केले असले तरी स्वर जमा केल्याची कोणतीही पावती भांडाराकडे उपलब्ध नाही, सबब एकदा जमा कायम जमा हा नियम त्यास लागू होत नाही, असे नम्र प्रतिपादन आहे. तरी सदर स्वर मूळ वादकास तात्काळ परत करण्यात यावा, त्यासाठी आठवड्यातून दोन वेळा प्रत्येकी चार मात्रांपुरते वाद्य व खुर्ची उपलब्ध करून देण्यात यावी, आणि याबाबत निर्णय होईपर्यंत स्पर्धेसह सर्व ठिकाणी घर क्रमांक बासष्ट कोणीही न वाजवता रिकामे ठेवण्याचे लेखी आदेश सर्व संबंधितांस व मूळ संगीतकारास देण्यात यावेत, ही विनंती.